प्रॉम्प्टर

नाटक जुनंच होतं. वहीतली शाई जांभळी पडलेली.
एक राजा, एक सेनापती,
दोघांमध्ये सिंहासनाच्या चार पायऱ्या.
चार पायऱ्यांना पाच अंक काहून लागतात, भाऊ,
असं कोणी विचारलं की धकाते मास्तर हसायचे
आणि कूलरमध्ये बादली ओतायचे.
मिलच्या चाळीमागची पत्र्याची शेड,
मे महिना,
मुकुटाचा पुठ्ठा घामाने मऊ झालेला.

राजा मास्तर.
सेनापती मुकुंदा निपाणे,
दिवसा इतवारीत लुगड्याच्या दुकानात गज धरणारा.
मी विंगेत, टॉर्च घेऊन.
दुसऱ्याच्या तोंडात शब्द ठेवायचा
इतका हळू
की त्याला तो आपलाच वाटावा,
हे माझं काम.

एकदा रात्रभर तालीम झाली.
पहाटे गांधीसागरच्या कठड्याशी
पोहे खाता खाता मी म्हणालो,
'मास्तरचा दम पुरत नाही आता.
तूच काहून नाही होत राजा?'
हे वाक्य वहीत नव्हतं.
मुकुंदाने ताटली पुढे करून
आणखी तर्री मागितली.
बस, एवढंच झालं त्या दिवशी.

पुढच्या वर्षी फळ्यावर खडूने लिहिलं होतं,
प्रकृतीच्या कारणास्तव.
मास्तर तिसऱ्या रांगेत बसले होते, ठणठणीत,
मांडीवर घडी घातलेला रुमाल.
राणीचं काम करणारी वत्सला पराते
मेकअप पुसता पुसता म्हणाली, 'हे बरं नाही केलं.'
तिचा दुसरा अंक कापला गेला.
मग खापेकर गेला, त्याच्यासोबत लाइट गेले.
मग सहीचं रजिस्टर, शेडची किल्ली,
चहाचा हिशोबसुद्धा एकाच्याच खिशात.
मी राहिलो.
वही माझ्याकडे होती म्हणून,
की भीती होती म्हणून,
आता नक्की सांगता येत नाही.

मास्तर नवतपात गेले.
घाटावर आम्ही अकरा जण.
मुकुंदाने हार पाठवला, मोठा,
मंडळाच्या नावाचा,
पावती मंडळाच्या खर्चात.

त्या साली स्पर्धेत पाचवा अंक उभा राहिला.
वहीत कंस आहे: (सैन्य प्रवेश करते.)
सैन्य नव्हतं.
चहावाल्या पोराने पडद्यामागे पिंप वाजवलं थोडं,
मग त्यालाही लाज वाटली.
मुकुंदा चौथ्या पायरीवर,
अध्यक्ष, दिग्दर्शक, सेनापती आणि आता राजा,
आणि वाक्य विसरलेला.
त्याने विंगेकडे पाहिलं.
पान उघडंच होतं. मी दिलं वाक्य,
नेहमीसारखं, ओठांच्या टोकावरून:
'कोण आहे रे तिकडे?'

त्याने ते उचललं नाही.
मी त्यालाच विचारतोय असं वाटलं असावं.
खूप वेळ ऐकत राहिला,
मग माझ्याकडे बघत म्हणाला,
'कोणी नाही.'

टाळ्या पडल्या. काय टाळ्या पडल्या!
परीक्षकांनी अभिनयाचं प्रमाणपत्र दिलं.
शेडमध्ये ते लावायला खिळा होता,
धरायला स्टूल कोणी नव्हतं.

परवा पोळ्याच्या करीला
इतवारीतून काळी मारबत निघाली.
ढोल, गुलाल, खांद्यांवर पोरं,
'इडा पिडा घेऊन जा गे मारबत!'
लोक खोकला देत होते, महागाई देत होते,
एक म्हातारी सुनेचं नाव देत होती.
समोर दुकानाच्या ओट्यावर मुकुंदा,
केस काळे केलेले, कानाशी पांढरे राहिलेले.
ओरडत नव्हता.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
तसंच, विंगेकडे बघायचा तसं.

माझ्या हातात वही नव्हती.
तरी ओठ हलले.
काय म्हणालो, मलाच ऐकू आलं नाही त्या ढोलांत.
त्याने मान डोलावली
आणि एक पायरी वर चढला.
गर्दीतून नीट दिसावं म्हणून असेल.